नेकचंद शिल्पकार नव्हते? एका प्रतिक्रियेला उत्तर

चंडीगडच्या रॉक गार्डनवरचा, म्हणजे नेकचंद सैनींनी टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या पुतळ्यांच्या बागेवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. नेकचंद कुठल्याही कलाशाळेत शिकले नाहीत, फुटक्या बांगड्या सिमेंटात चिकटवणं म्हणजे शिल्प नव्हे, आणि त्यांच्या पुतळ्यांचे चेहरे सगळे एकसारखे. पहिला खरा, तिसरा बराचसा मान्य. दुसऱ्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

त्याआधी माझीच चूक सुधारतो. 'सगळं एकहाती उभं केलं' असं लेखात लिहिलं गेलं, ते बरोबर नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर असलेले नेकचंद १९५८च्या सुमारापासून, सुखना तलावाजवळच्या बांधकामबंदीच्या जंगलात, नोकरी सांभाळून गुपचूप एकटे काम करत होते. १९७५मध्ये ते उघडकीला आलं. १९७६मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि त्यांना या कामासाठी पगार आणि ५० मजूर मिळाले. म्हणजे पुढच्या कामावर अनेकांचे हात फिरले आहेत.

आता 'चिकटवण्या'बद्दल. आधी सांगाडा: जुने पाइप, सळ्या, मोडक्या सायकली. सायकलच्या चिमट्याचे पाय, सीटचं प्राण्याचं डोकं. त्यावर सिमेंट-वाळूचा माल चढवून अंग भरायचं. शेवटचा थर नुसत्या सिमेंटचा, घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्यातच बांगड्या, कपबश्यांच्या कपच्या किंवा लोखंडाच्या ओतकामातून उरलेली मळी बसवायची. खरी परीक्षा इथेच असते. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंट तिला नीट धरत नाही. तुकड्याच्या कडा मालात रुतल्या तरच तो टिकतो. माल फार ओला असेल तर उभ्या अंगावरून तुकडा खाली घसरतो. घट्ट होऊ लागल्यावर दाबला तर वरवर बसतो आणि पुढे निखळतो. मधला वेळ थोडा, त्यामुळे एका वेळी हातभर भागावरच थर द्यायचा. हे अंदाज बोटांना यावे लागतात, आणि घडाईची नजर नसेल तर नुसत्या अंदाजांतून मोर किंवा बाई उभी राहत नाही.

चेहऱ्यांचं म्हणाल, तर एकच पुतळा निवडून बघू नका. ते रांगांनी उभे आहेत, जत्रेला जमलेल्या गावासारखे. रचना त्या रांगेची आहे.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: टिकाऊपणा. बारीक हातापायांत लोखंडावरचा सिमेंटचा थर पातळ राहतो. तिथून दमट हवा आत शिरली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून रेटा बसून मनगट, घोटा तडकतो. अशा जागी वरून सिमेंट लिंपलं तर ते पुन्हा उडतं. तडकलेला भाग सळईपर्यंत फोडून, गंज पूर्ण खरवडून, खूप खाल्लेली सळई बदलूनच नवा माल भरावा लागतो, आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं.