ब्लूटूथ मॉड्यूलच्या ‘१ एमबीपीएस’बद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

‘पाकिटावर १ एमबीपीएस छापलंय, प्रत्यक्षात २० हजार बाइटची फाइल पाठवायला पूर्ण मिनिट लागलं, ही सरळ फसवणूक आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. फसवणूक हा शब्द लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं मोजमाप बरोबर आहे. सेकंदाला साधारण २.७ किलोबिट (एका बाइटचे आठ बिट), आणि १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार किलोबिट. पण पाकिटावरचा आकडा ‘रेडिओ रेट’ म्हणून छापलाय, म्हणजे बिट हवेत सोडण्याची गती. सरासरी थ्रूपुट, म्हणजे तुमचा डेटा प्रत्यक्षात पोचण्याची गती, आम्ही मुद्दाम छापत नाही. फोन, सेटिंग, अंतर बदललं की तो बदलतो, आणि अटी न सांगता तो छापूच नये असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही सेटिंगचा स्क्रीनशॉट टाकलात हे फार बरं केलंत. कनेक्शन इंटरव्हल (फोन आणि मॉड्यूल किती वेळाने एकमेकांशी बोलतात ते) ३० मिलिसेकंद, एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा, बाइटमध्ये) २३, ‘राइट विथ रिस्पॉन्स’ (प्रत्येक राइटची, म्हणजे पाठवलेल्या तुकड्याची, पोच मागणं). एमटीयू २३ म्हणजे एका पॅकेटमध्ये तुमचा डेटा फक्त २० बाइट. ते हवेतून जायला ०.३ मिलिसेकंदही लागत नाही. पण त्याची पोच येते पुढच्या इंटरव्हलला, आणि ती आल्याशिवाय फोन पुढचं राइट सोडत नाही. म्हणजे २० बाइटमागे ६० मिलिसेकंद, जवळजवळ सगळे वाट बघण्यात. अशी हजार पॅकेट, साठ सेकंद.

एमटीयू २४७ मागा, ‘राइट विदाउट रिस्पॉन्स’ वापरा, अँड्रॉइडला कनेक्शन प्रायॉरिटी हाय सांगा, म्हणजे इंटरव्हल छोटा होईल. मॉड्यूलमध्ये ब्लूटूथ ४.२चं डेटा लेंथ एक्स्टेन्शन (मोठी पॅकेट पाठवायची सोय) चालू आहे, त्यामुळे पॅकेटमध्ये २४४ बाइट बसतील. तरीही १ एमबीपीएस मिळणार नाही. प्रत्येक पॅकेटमागे हेडर (पॅकेटची स्वतःची माहिती), पोचेचं रिकामं पॅकेट (ही रेडिओच्या पातळीवरची पोच, ती ‘राइट विदाउट रिस्पॉन्स’मध्येही असते) आणि दर खेपेला १५० मायक्रोसेकंद थांबणं आलंच. हिशेबाने कमाल गती सेकंदाला ७९० किलोबिटच्या आसपास निघते. फोनवर त्याहूनही बरंच कमी, कारण एका इंटरव्हलमध्ये किती पॅकेट चालवायची ते फोन ठरवतो.

मोजताना घड्याळ पहिल्या पॅकेटला सुरू करा, कनेक्ट दाबताना नको. बाइट मॉड्यूलच्या बाजूला मोजा, कारण फोनच्या बफरमध्ये टाकलेला डेटा पोचलेला असतोच असं नाही. फाइल मोठी घ्या. आणि वायफाय राउटरपासून लांब एकदा मोजून बघा, बहुतेक राउटर ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झवरही चालतात.

तुमचा फोन आणि मॉड्यूल घेऊन पुण्यात तपकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात या. स्निफर (हवेतली पॅकेट टिपणारं यंत्र) लावून तुमच्यासमोर मोजू. आकडा तरीही हलला नाही, तर मॉड्यूल ठेवून घेऊन पूर्ण पैसे परत देतो.