बंधुभावाची थकबाकी

ऑगस्टमध्ये ज्यांची मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणार आहेत, अशा अमेरिकेतल्या समस्त मराठी आई-बाबांचं अभिनंदन. डॉर्मच्या गादीचं माप, छोटा फ्रिज, कुकर न्यायचा की नाही यावरून झालेलं भांडण, हे सगळं मार्गी लागलं की सप्टेंबरात केव्हातरी फोन येईल, "आई, मी रश करतोय." दचकू नका. मुलगा फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकमेकांना 'भाऊ' म्हणवणाऱ्या मुलग्यांच्या क्लबात, जायचं म्हणतोय. कुळाचं नाव निघणार आहे. फक्त कुळ ग्रीक असेल आणि नावाखाली बिल असेल.

आमच्याकडचं ते बिल गेल्या आठवड्यात वसुली कंपनीमार्फत आलं. तेव्हा अनुभवाचे चार शब्द, विनामूल्य. या प्रकरणात विनामूल्य मिळणारी ही एकमेव गोष्ट आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी परंपरेचा आदर करायला शिका. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात ग्रीक अक्षरांची पहिली मंडळी जमली, १८२५ मध्ये स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात काप्पा अल्फा निघाली, आणि तेव्हापासून ही मुलं चरित्र, विद्वत्ता व बंधुभाव यांची सेवा करत आहेत. तिन्हींची सेवा बहुधा गुरुवारी रात्री उशिरा चालते.

मुलगा 'नेटवर्किंग' म्हणाला की मान डोलवा. 'कशाशी?' असं विचारू नका.

ड्यूज, म्हणजे वर्गणी किती, हे विचारलंत तर एक आकडा सांगतील. त्या आकड्यावर विसंबू नका, ती नुसती नांदी आहे. पुढे फ्रॅटर्निटीच्या राष्ट्रीय कार्यालयाची फी, माणशी विमा, दीक्षेची फी, छातीवरचा बिल्ला, भिंतीवर लावायच्या सामूहिक फोटोची फी, फॉर्मल पार्टीची बस, प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा टी-शर्ट. घरात राहत नसाल तर घरात न राहण्याचीही फी असते, कारण सोफ्यावर बसता ना अधूनमधून. शिवाय दंड. आमचे चिरंजीव आजीच्या वर्षश्राद्धाला घरी आले, म्हणून चॅप्टरच्या, म्हणजे त्या कॉलेजातल्या शाखेच्या, मीटिंगला गैरहजर राहिल्याचा दंड झाला. गैरहजेरीचं कारण आगाऊ लेखी कळवायचं असतं म्हणे. आजीची तिथी पंचांगात छापलेली होती, त्याहून आगाऊ काय कळवणार?

चॅप्टरचा ट्रेझरर वीस वर्षांचा असतो, मन लावून काम करतो, आणि डिसेंबरात बदलतो. हिशेब त्याच्याबरोबर जातात.

आता विम्याकडे या. राष्ट्रीय कार्यालय दर मुलामागे विम्याचे पैसे घेतं, म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल. व्हा. फक्त पॉलिसी कधी वाचू नका, कारण तिच्यात सहसा असं असतं की दारूचे नियम मोडले गेले असतील तर मुलाला संरक्षण नाही. आणि खटले नेमके त्याच रात्रींचे होतात, ज्या रात्री नियम मोडलेले असतात. मग वकील हुंगत हुंगत पोचतात ते आई-बापांच्या घराच्या विम्यापर्यंत. म्हणजे हप्ते दोन्हीकडचे आपण भरायचे आणि पहिला विमा कामाला कधी येणार, याची वाट बघायची. नियम मात्र आहेत हं! पंधरा टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू चॅप्टरच्या घरात नको, असं फ्रॅटर्निटींच्या शिखर संघटनेने ठरवून १ सप्टेंबर २०१९पासून लागूही केलं. आमच्या चिरंजीवांच्या घरी खिडकीत व्होडकाच्या बाटल्यांची रांग होती. ती सजावट असल्याचं मला सांगण्यात आलं.

गोऱ्यांच्यात नको वाटत असेल तर देसी फ्रॅटर्निट्याही आहेत. बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये आयोटा न्यू डेल्टा निघाली, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये सिग्मा बीटा रो, ऑस्टिनला १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय. आमच्या मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "आपल्या रंगाच्या मुलांत घाल, म्हणजे काळजी नाही." काळजी नसण्याचा रंगाशी काय संबंध? आशियाई मुलांनी आशियाई मुलांसाठी काढलेल्या एका वेगळ्या फ्रॅटर्निटीत डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा पहिल्या वर्षाचा मुलगा पोकोनोच्या डोंगरात गेला. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली सॅक, आणि अंधारात अंगावर धावून येणारे भाऊ. तो बेशुद्ध पडल्यावर भावांनी आधी इंटरनेटवर लक्षणं शोधली. तो वाचला नाही. २०१७ मध्ये ज्यूरीने त्या संघटनेलाच मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. हे काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते चिनी असतील गं."

असो. आता घराचं सांगते. इथे मात्र वही-पेन घेऊन बसा.

दुसऱ्या वर्षी मुलगा 'हाउस'मध्ये राहायला जातो. मोठे खांब, वर ग्रीक अक्षरं, मागे मोडकं टेबल. हे घर कोणाचं? चॅप्टरच्या मुलांचं नाही. राष्ट्रीय कार्यालयाचं बहुधा नाही. विद्यापीठाचं तर मुळीच नाही, ते तर कुंपणाबाहेर उभं राहून हात झटकायला मोकळं. घर असतं 'हाउस कॉर्पोरेशन'चं. म्हणजे वीस-तीस वर्षांपूर्वी तिथे राहून गेलेल्या, आता पोट सुटलेल्या भावांची वेगळी कंपनी. 'वेगळी' हे अधोरेखित करा, पुढे फार वेळा ऐकायचं आहे. घरावर कर्ज असतं, कर्जाला हप्ता असतो, हप्त्याला भरलेल्या खाटा लागतात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या भावांनी घरातच राहायचं असा दंडक असतो. करार पूर्ण वर्षाचा, डिपॉझिट पाचशे डॉलर, आणि खाली आई-बाबांची हमीदार म्हणून सही.

सही तुम्ही करालच. सगळे करतात. कागद पाठवतात तोच मुळी जुलैच्या शेवटी, जेव्हा गावात दुसरी खोली उरलेली नसते.

मग फेब्रुवारीत एका रात्री नवीन आलेल्या मुलांपैकी एकाला इतकी पाजली की तो हॉस्पिटलात गेला. वाचला. विद्यापीठाने चॅप्टर निलंबित केलं, राष्ट्रीय कार्यालयाने सनद काढून घेतली, आणि मुलांना घर रिकामं करायला थोडे दिवस दिले. कडाक्याच्या थंडीत आम्ही गाडी घेऊन गेलो, गादी छपरावर बांधली. विद्यापीठाने मेहेरबानी करून डॉर्ममध्ये खोली दिली. तिचं भाडं वेगळं.

आता तुम्हाला भाबडेपणाने वाटेल, ज्या घरात राहायची बंदी झाली त्या घराचं भाडं थांबेल. मलाही वाटलं. मी फोन केला. राष्ट्रीय कार्यालय म्हणालं, घर आमचं नाही, हाउस कॉर्पोरेशन वेगळी संस्था आहे. विद्यापीठ म्हणालं, तो खाजगी करार आहे, वेगळी संस्था आहे. हाउस कॉर्पोरेशनचे अध्यक्ष अतिशय गोड बोलले. मला 'मॅम' म्हणाले. म्हणाले, निलंबन चॅप्टरचं झालं, आमचं नाही, आम्ही वेगळी संस्था आहोत, आणि कराराप्रमाणे मेपर्यंतचं भाडं देय आहे. घर राहायला मोकळं आहे का? नाही. मग भाडं कशाचं? कराराचं. बरं, डिपॉझिट? ते भिंतींच्या दुरुस्तीत गेलं. कोणी फोडल्या भिंती? सामूहिक जबाबदारी. म्हणजे मजा करताना सगळे भाऊ आणि जबाबदारी घेताना सगळे वेगळ्या संस्था, फक्त दुरुस्तीच्या वेळी पुन्हा सगळे भाऊ! आमच्या चाळीतलं गणेश मंडळ वर्गणी मागायला दारात अडून बसायचं, पण पावती फाडायचं, आणि अनंत चतुर्दशीनंतर फळ्यावर जमाखर्च लावायचं. इथे मी मार्चपासून जमाखर्च मागतेय. उत्तर नाही. उत्तर आलं ते वसुली कंपनीचं.

आणि त्याच आठवड्यात, पोस्टाच्या त्याच गठ्ठ्यात, जाड क्रीम रंगाचं पाकीट होतं. ॲल्युम्नाय असोसिएशनचं, म्हणजे जुन्या भावांच्या संघटनेचं. 'प्रिय पालक, आपल्या मुलाचं हे दुसरं घर. नूतनीकरण निधीला हातभार लावाल का?' वर घराचा फोटो. त्यात माझ्या मुलाची खिडकी.

हातभार लावायचाच असेल तर कसा लावावा, हेही सांगते, मी आता यात तज्ज्ञ झाले आहे. चॅप्टर आणि घराच्या कंपन्या बहुतेक करकायद्याच्या कलम ५०१(सी)(७)खाली येतात, म्हणजे क्लब. क्लबला दिलेल्या देणगीवर तुम्हाला करसवलत नाही. म्हणून त्यांच्या शेजारी एक फाउंडेशन असतं, ५०१(सी)(३)वालं, शिक्षणासाठी. त्याला दिलेल्यावर सवलत आहे, पण ते पैसे शिक्षणाच्याच कामी लागायला हवेत. म्हणून घराच्या नकाशात अभ्यासिका बघा. केवढी ती अभ्यासिका! निम्मा मजला अभ्यासिका. पत्र्याचं कपाट, दोन खुर्च्या आणि एक बिअर-पाँगचं टेबल, जे अभ्यासाचं टेबल म्हणून नोंदलेलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. एवढ्यानेही भागत नाही, म्हणून घराच्या बांधकामाला दिलेल्या पैशावर सरळ करसवलत मिळावी, असं विधेयक ही मंडळी अमेरिकी काँग्रेसमध्ये कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा नेत आहेत. भिंती कोण फोडतं याचा उल्लेख त्यात कुठे असेल असं वाटत नाही.

आणि निलंबन म्हणजे काय, ते ऐका. साधारण चार वर्षं. चारच का? कारण चार वर्षांत आत्ता असलेली सगळी मुलं पदवी घेऊन निघून जातात. मग त्याच घरात, त्याच अक्षरांखाली, नवीन मुलं भरतात. तोवर खोल्या बाहेरच्या मुलांना भाड्याने. म्हणजे माझ्या मुलाच्या खोलीचं भाडं माझ्याकडूनही आणि त्या खोलीत राहणाऱ्याकडूनही. कर्जाचा हप्ता चुकत नाही. हॉस्पिटलात गेलेल्या पोराचं नाव त्या क्रीम रंगाच्या पत्रात नव्हतं. 'अलीकडच्या दुर्दैवी घडामोडी' एवढंच होतं.

होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, गेलात तर जुन्या भावांना अवश्य भेटा. ते तुम्हाला त्यांच्या वेळच्या गमती सांगतील. हसा.

आता गंमत पुरे.

टिमोथी पियाझा आपल्याच न्यू जर्सीचा मुलगा होता. २०१७ च्या फेब्रुवारीत, पेन स्टेटच्या एका फ्रॅटर्निटीच्या घरात, दारू पाजून झाल्यावर जिन्यावरून पडला. घरभर कॅमेरे होते. बारा तासांच्या आसपास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. एकोणीस वर्षांचं पोर गेलं. त्याच्या नावाने पेन्सिल्व्हेनियात कायदा झाला, आणि २०२४ च्या डिसेंबरात सगळ्या देशासाठी कायदा झाला की कोणत्या संघटनेने रॅगिंगचे नियम मोडले, हे कॉलेजांनी जाहीर करायचं. तो अहवाल तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या वेबसाइटवर असायला हवा. किती जणांनी उघडून पाहिला? कॉलेजची क्रमवारी मात्र आपल्याला तोंडपाठ आहे. कुठल्या फ्रॅटमधून कोण गोल्डमन बँकेत लागला, हे आपण पॉटलकला श्रीखंड वाढता वाढता एकमेकांना सांगतो. मुलाने कुठे राहायचं, कोणाच्या हाताखाली राहायचं, दार आतून कोण बंद करतं, हे नाही विचारत. लाज वाटते विचारायला. आपण मागासलेले दिसू ना.

हाउस कॉर्पोरेशनचं फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक विवरणपत्र, सार्वजनिक असतं. आयआरएसच्या, म्हणजे करखात्याच्या, साइटवर नाव टाकलं की मिळतं. सही करण्याआधी काढा. मी काढलंय. भाड्यापोटी किती आले, दुरुस्तीवर किती गेले, शिल्लक किती, सगळं आहे त्यात. शिल्लक बरीच आहे.

आणि तुम्ही, बोर्डावरचे भाऊ. तुम्ही वीस वर्षांची पोरं नाही. पन्नाशीची माणसं आहात, तुमच्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत. ते घर तुमचं आहे, किल्ल्या तुमच्याकडे आहेत, व्होडकाची रांग रस्त्यावरून दिसत होती. तुम्ही दर होमकमिंगला त्याच खोलीत उभे राहून प्यायलात. 'वेगळी संस्था' हे मला परत सांगू नका. ज्या घरात राहायची बंदी आहे त्याचं भाडं मागणं ही चोरी आहे, आणि ते वसुली कंपनीच्या तोंडून मागणं ही भित्री चोरी आहे. आमच्या मुलांच्या नावावर कर्जबुडवे म्हणून शिक्का बसण्याआधी ती पत्रं मागे घ्या. डिपॉझिट परत करा, सगळ्यांचं. आणि त्या रात्री हाउस मॅनेजर कोण होता, लेगसी, म्हणजे जुन्या भावाचा मुलगा, म्हणून कोणाच्या शिफारशीवर आला होता, आणि त्याचे वडील बोर्डावर कुठल्या पदावर आहेत, हे पुढच्या क्रीम रंगाच्या पत्रात छापा.