कपाटातला राउटर

गेले तीन आठवडे दादाशी व्हिडिओ कॉल धड होत नव्हता. तोंड उघडं असतानाच फ्रीज व्हायचा, आवाज विहिरीतनं आल्यासारखा. मला वाटलं तिकडे नेट गंडलंय. शेवटी वहिनींनी फोडलं, की वायफायचा राउटर स्टीलच्या कपाटात ठेवलाय, कपड्यांच्या मागे, दार लावून. का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की जास्त अँटेनावाला पॉवरफुल राउटर म्हणजे घरात टॉवरच बसवला समजा, त्याच्या रेडिएशनने अपाय होतो, आणि खाली ती नेहमीची ओळ, "परदेशात यावर केव्हाच बंदी आली आहे". मग दादाचा मला फोन, तू जर्मनीत राहतेस ना, तुला माहीतच असेल.

तर जर्मनीत अशी कसलीही बंदी नाहीये. फ्रान्समध्ये 2015 साली एक कायदा झाला, तोच फिरून फिरून मेसेजमध्ये येतो, पण त्यात आहे काय, तर तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरात जिथे मुलं असतात तिथे वायफाय नको आणि प्राथमिक शाळेत वापर नसेल तेव्हा बंद ठेवा. झालं. ही काळजी आहे, विषारी वस्तूवरची बंदी नाही. उलट मोबाइल टॉवरचं बघाल तर भारताचाच नियम जास्त कडक आहे, 2012 पासून आपल्याकडे टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, जर्मनी अजून ती आंतरराष्ट्रीयच वापरते. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे नियम पाळतंय कोण. यावर काय बोलणार.

राउटरचं मात्र उलटं आहे, हेही सांगायला हवं. 2.4 गिगाहर्ट्झच्या (हा वायफायचा एक पट्टा) वायफायला युरोपात सिग्नलच्या ताकदीवर 100 मिलीवॅटची मर्यादा, भारतात नियमाने 4 वॅटपर्यंत चालतं. म्हणून मी दोन्ही हिशोब करून बघितले. 100 मिलीवॅटचा राउटर एक मीटरवर जी तीव्रता देतो ती माणसांसाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या हजारपटीहून कमी भरते. बरं धरा 4 वॅटचाच आहे, अखंड ओकतोय (तसा तो ओकत नाही, बराच वेळ नुसता गप्प असतो), तरी एक मीटरवर मर्यादेच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. आणि तीन मीटर लांब गेलात की त्याच्याही नवव्या हिश्शावर. अँटेना सहा असल्या म्हणून सहापट किरणं नाहीत, मर्यादा सगळ्या मिळून असते.

"पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेच म्हटलंय ना" हा पुढचा मुद्दा. म्हटलंय, 2011 साली, रेडिओ लहरी (वायफाय, मोबाइल त्यातच आले) 2बी गटात, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही इतकंच. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क पण आहे, आणि कोरफड आपण कौतुकाने तोंडाला फासतो. या लहरींमध्ये रेणू तोडण्याइतकी ताकद नसते, एक्स-रेसारखं ते प्रकरण नाहीये, त्या फार तर पेशी किंचित गरम करतात आणि त्यासाठी लागणारी पॉवर राउटरकडे नाही.

आता गंमत बघा. कपाटात कोंडल्यावर घरात वायफायची रेंज गेली, म्हणून दादाचा फोन मोबाइल डेटावर गेला, आणि काँक्रीटच्या भिंतींआडून टॉवर गाठायचा तर फोन स्वतःची पॉवर वाढवतो, 4जीवर 200 मिलीवॅटपर्यंत. तोही एक मीटरवर नाही, कानाला चिकटून. राउटर किती घातक हे दादाने मला चाळीस मिनिटं समजावलं ते असंच, फोन कानाला लावून. म्हणजे काळजी घेऊन घेऊन डोस वाढवला.

पण "आपलेच लोक भोळे" असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. 2021 मध्ये जुही चावलाची 5जीविरोधातली याचिका दिल्ली हायकोर्टाने फेटाळली तेव्हा इथल्या आमच्या भारतीय मंडळींनी किती दात काढले होते. अरे, या जर्मनांकडे "इलेक्ट्रोस्मॉग", म्हणजे असल्या लहरींचं प्रदूषण, असा खास शब्दच आहे! माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली, कृपया रात्री तुमचं वायफाय बंद ठेवा, झोप लागत नाही. मी फोन घेऊन खाली गेले, त्यांना नेटवर्कची यादी दाखवली, एकोणीस नावं, आणि सगळ्यात जोरदार सिग्नल त्यांच्याच राउटरचा, लँडलाइनसाठी कंपनीने बसवलेला, त्यात वायफाय असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कॉर्डलेस फोनचा डबा उशाशी, तो तर बहुतेक मॉडेलमध्ये दिवसरात्र सिग्नल सोडत असतो. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण हा माझा आहे. आणि मला एकदम दादाच आठवला.

इथलं सरकारी विकिरण संरक्षण कार्यालय बाकी सरळ बोलतं, मर्यादेच्या आत अपाय सिद्ध झालेला नाही, तरी राउटर अगदी बसायच्या जागेजवळ ठेवू नका. मला हे पटतं, फुकट आहे, करायला काय जातंय. माझा राउटर पॅसेजमध्ये आहे आणि आजींसाठी रात्री अकरा ते सहा टायमर लावलाय. झोप त्यांची आहे, वाद घालून ती येणार नाही. दादालाही मी तेच सांगितलं, भिंतीवर उंच लाव, पलंगापासून लांब, बास.

त्याने ऐकलं नाही. परवा वहिनींनीच राउटर बाहेर काढला, रेडिएशनचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, कपाटात साड्या ठेवायला गेल्या तर कपड्यांत कोंबलेला तो डबा हाताला चटका बसेल इतका तापला होता.