वायरमनचा परवानाही काढाच

फौजेतून ३५-४०व्या वर्षी परतलेल्या जवानानं एटीएमसमोर वॉचमन म्हणून बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनचं काम शिकावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्या परभणीकडं खरी गरज शेतातल्या मोटारींवर आहे. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मोटार नुसती घुमते अन् वाइंडिंग जळतं, तरी लोक कंडेन्सर लावून उरलेल्या दोन फेजवर ओढतात. कित्येक स्टार्टरला, म्हणजे मोटार चालू करायच्या पेटीला, अर्थिंगच (गळकी वीज जमिनीत नेणारी तार) नसतं. पावसाळ्यात ओल्या हातानं पेटीला हात लागला की माणूस जातो. माझा भाऊ फौजेच्या सिग्नल्समधून (संदेशवहन विभागातून) आला, आयटीआयचा २ वर्षांचा ट्रेड केला. तो आधी अर्थिंग बघतो, मग स्टार्टर. लेखात वायरमनच्या परवान्याचं राहिलं, तोही काढाच. आणि फौजींसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सची चौकशी नोकरीत असतानाच करा, भावांनो.