दादा, मग साची का मेली?

मागच्या आठवड्यात मावसभाऊ राहायला आला होता, दहावीची परीक्षा झालीये, सुट्टी चालू आहे, म्हणून त्याला स्वॉर्ड आर्ट ऑनलाईन (एसएओ) या जपानी अ‍ॅनिमेचा पहिला सीझन दाखवायला बसलो. माझी तिसरी वेळ, त्याची पहिली. चौदावा एपिसोड संपला, गाणं सुरू झालं, आणि मला वाटलं आता हा टाळ्या वाजवणार, तर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, मग साची का मेली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेले पाच-सहा दिवस तोच प्रश्न डोक्यात फिरतोय म्हणून आज लिहायला बसलोय, लांब होईल, सांभाळून घ्या. आणि स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना बघायचंय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांनी बघितलं नाहीये पण तरी वाचायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ नोव्हेंबर २०२२ ला (अ‍ॅनिमे आलं २०१२ मध्ये, तेव्हा ते दहा वर्षं पुढचं होतं) एक गेम सुरू होतो, नर्व्हगिअर नावाचं हेल्मेट घालायचं आणि सरळ गेमच्या आत जायचं. दहा हजार लोक आत जातात आणि बघतात तर लॉगआऊटचं बटणच नाही. गेम बनवणारा कायाबा अकिहिको आकाशात येऊन सांगतो की शंभर मजले पार करा तरच सुटका, गेममध्ये एचपी (म्हणजे उरलेला जीव) शून्य झाला की हेल्मेट मायक्रोवेव्हने मेंदू जाळणार, बाहेरून कोणी हेल्मेट काढायला गेलं तरी तेच, आणि २१३ जण असेच ऑलरेडी गेलेले आहेत. तो चौकातला सीन मी अजूनही श्वास रोखून बघतो. इतकी जबरदस्त सुरुवात फार कमी सिरीजना जमलीये.

आता ग्रुपवर एसएओच्या प्लॉट होलचा विषय निघाला की लोक नेहमी हेल्मेटवरच घसरतात. एवढ्याशा बॅटरीत मेंदू जाळण्याइतकी पॉवर कुठून येणार, अशा मशीनला सरकारने परवानगी कशी दिली, दोन वर्षं पोलिस काय करत होते वगैरे. मला यातल्या एकाही गोष्टीचा त्रास होत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला सुरुवातीला एक थाप मारायची मुभा असते, आपण ती मान्य करूनच बसतो. आणि ही थाप तर त्याने नीट बांधलीये, दहा मिनिटं लाईट गेली तर चालेल, दोन तास नेट तुटलं तर चालेल, त्या वेळात पेशंटना हॉस्पिटलमध्ये हलवता येईल, एवढा विचार केलाय. गोष्टीचा हिरो किरितो शेवटी जागा होतो तेव्हा केस खांद्याच्या खाली आलेले, हाडांचा सापळा झालेला, सलाईनचा स्टँड धरून धरून चालतोय, हे बघितल्यावर हेल्मेटवर विश्वास बसतोच.

माझं भांडण वेगळं आहे. गेमवरच्या गोष्टीत गेमचे नियम हीच जमीन असते. तुम्ही मला सांगितलंत ना की इथे शून्य म्हणजे शून्य, मग ते शेवटपर्यंत शून्यच राहिलं पाहिजे, कारण मी तुमच्यासोबत बसून जेवढा रडलो तो त्या शून्यावर विश्वास ठेवून रडलो.

साची तिसऱ्या एपिसोडमध्ये येते. मूनलिट ब्लॅक कॅट्स नावाचा पाच मित्रांचा छोटासा गिल्ड आहे, शाळेच्या क्लबमधली मुलं, किरितो स्वतःची लेव्हल लपवून त्यांच्यात सामील होतो. साचीला लढायचं नाहीये, तिला रात्री झोप लागत नाही, एकदा तर ती पळून जाऊन पुलाखाली अंगाभोवती कापड गुंडाळून बसते. किरितो तिला सांगतो, तू मरणार नाहीस. मग २७व्या मजल्यावर गिल्डचा लीडर सोडून बाकी सगळे एका खोलीत शिरतात, मधोमध पेटी असते, पेटी उघडली की अलार्म, दार बंद, चारी बाजूंनी राक्षस, आणि टेलिपोर्टचे क्रिस्टल त्या खोलीत चालतच नाहीत. एकेक जण फुटत जातो. साची किरितोकडे हात पुढे करते, त्याचा हात पोचायला अर्धा सेकंद कमी पडतो, तिचे ओठ हलतात, आणि काचेसारखे निळे तुकडे होतात. बस. ना म्युझिक वाढवून ताणलंय, ना कोणी शेवटच्या क्षणी धावून आलंय. नियम होता, नियमाने घेतलं तिला.

आता चौदावा एपिसोड. पंचाहत्तराव्या मजल्याचा बॉस मारताना चौदा जण गेलेत, सगळे जमिनीवर बसून धापा टाकतायत, एकटा त्यांचा म्होरक्या हीथक्लिफ उभा आहे, त्याचा एचपी अर्ध्याच्या खाली कधीच जात नाही. किरितोच्या ते लक्षात येतं, तो अचानक वार करतो, आणि हवेत पाटी उमटते की या वस्तूला इजा होऊ शकत नाही. म्हणजे हीथक्लिफ हाच कायाबा. हे रायटिंग झकास आहे! पुरावा आपल्या डोळ्यासमोरच होता. मग कायाबा मेन्यू उघडून सगळ्यांना पॅरलाईज करतो आणि किरितोला एकट्याला लढायला बोलावतो. इथेही एक फार सुंदर गोष्ट आहे जी लोकांच्या नजरेतून सुटते. तलवारीचे सगळे स्किल, म्हणजे आधीच ठरलेले वार, कायाबानेच डिझाईन केलेत, म्हणजे स्किल वापरलं की पुढचा प्रत्येक वार त्याला आधीच माहीत. किरितोला हे कळतं, म्हणून तो स्किलशिवाय लढतो, पण घाबरतो, चिडतो आणि भान सुटून स्किल वापरून बसतो, झालं, वार सुरू झाला की मध्ये थांबता येत नाही, सगळे वार अडवले जातात आणि तलवार मोडते. हिरो स्वतःच्या चुकीने आणि गेमच्या नियमाने हरतो. इथपर्यंत मी उभं राहून टाळ्या वाजवेन.

आणि तिथून पुढच्या पाच मिनिटांत सगळं हातातून जातं. किरितोची प्रेयसी असुना पॅरलाईज आहे, तरी उठते, मध्ये येते, वार अंगावर घेते आणि मरते. मग किरितोला तलवार लागते, एचपी शून्य, मेल्याची पाटी येते, शरीर विरघळायला लागतं आणि तो परत येतो. का, तर त्याची इच्छा तेवढी जबर होती. असुनाची तलवार कायाबाच्या आरपार, गेम खलास, ६१४७ जण सुटले.

आता जरा चार एपिसोड मागे जा. दहाव्या एपिसोडमध्ये क्युराडील नावाचा खुनी पाण्यात पॅरलिसिसचं विष घालून देतो. किरितो जमिनीवर पडलेला, समोर सोबतच्या माणसाला मारतात, मग क्युराडील त्याच्या अंगात तलवार खुपसून फिरवतो, एचपी उतरत उतरत जातो, आणि किरितोला उठता येत नाही, शेवटी असुना धावत आली म्हणून वाचला. तेव्हा जगायची इच्छा कमी होती का त्याची? एका भुरट्या खुन्याचं विष मोडता येत नाही आणि गेमच्या मालकाने स्वतःच्या हाताने टाकलेलं पॅरलिसिस मोडता येतं, याला काय म्हणायचं?

पण लॉजिक गेलं याचा राग मला दुसऱ्या नंबरवर आहे. पहिला राग माझ्या भावाच्या प्रश्नातला आहे. मनात खूप असलं की शून्यातूनही परत येता येतं हे एकदा दाखवलंत ना, की आधी मेलेल्या प्रत्येकावर तुम्ही आरोप केलात. मग साचीला जगायचं नव्हतं का? ती तर रात्र रात्र जागायची मरायच्या भीतीने. तिच्या इतकी जगायची इच्छा त्या गेममध्ये कोणाला होती? जवळजवळ चार हजार माणसं मेली त्या गोष्टीत, त्यांच्या घरी कोणी नव्हतं का, त्यांचं कोणावर प्रेम नव्हतं का? हिरोला वाचवायला लेखकाने जो दरवाजा उघडला तो बाकी चार हजार जणांच्या तोंडावर बंद केलेला होता, आणि त्याला वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. दहावीच्या पोराच्या लक्षात आलं.

आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची, की उपाय त्याच तिसऱ्या एपिसोडमध्ये ठेवलेला आहे! साची गेल्यावर ख्रिसमसच्या रात्री किरितो एकटा जाऊन बॉस मारतो कारण मेलेल्याला परत आणणारी वस्तू तिथे मिळणार असते. मिळते पण. वर्णन वाचतो तर, मेल्यापासून दहा सेकंदांच्या आत वापरली तरच चालेल. साचीला जाऊन सहा महिने झालेले. तो ती वस्तू त्याचा मित्र क्लाईनच्या हातात कोंबतो, पुढे तुझ्यासमोर कोणी मेलं तर त्याच्यावर वापर म्हणतो आणि निघून जातो. आता सांगा, पंचाहत्तराव्या मजल्यावर क्लाईन कुठे होता? तिथेच, त्याच खोलीत, दहा पावलांवर! अकरा एपिसोड आधी पेरून ठेवलेली गोष्ट, नियमात बसणारी, साचीच्या मरणातून आलेली, आणि ती वापरलीच नाही. क्लाईनही पॅरलाईज होता हे मला माहितीये, पण लेखकाला तेवढा एक हात मोकळा ठेवणं अवघड होतं का? साचीसाठी आणलेल्या वस्तूने किरितो वाचला असता तर मी आयुष्यभर ते विसरलो नसतो.

कॉलेजला असताना आम्ही सहा-सात जण एक ऑनलाईन गेम खेळायचो, हॉस्टेलवर, रात्री दोननंतर कारण तेव्हाच नेट बरं चालायचं. एक बॉस होता, तीन आठवडे त्याच्यामागे लागलो होतो. एका रात्री त्याचा फक्त दोन टक्के हेल्थ उरलेला आणि आमच्या हीलरच्या (बाकीच्यांचा हेल्थ भरून देणाऱ्या खेळाडूच्या) खोलीत लाईट गेली. सगळे ओरडतायत, कोणी उभं राहून खेळतंय, एकाच्या डोळ्यात खरंच पाणी, आणि तो दोन टक्के गेला नाही. पुढच्या शनिवारी परत पहिल्यापासून, आणि मारला तेव्हा जो आनंद झाला तो त्या दोन टक्क्यांमुळे झाला. गेम खेळणाऱ्या कोणालाही विचारा. गेमला दया नसते, म्हणून तर जिंकलं की खरं वाटतं.

रेकी कावाहारांवर माझा राग नाहीये, उलट त्यांची बाजू मला समजते. ही कादंबरी त्यांनी मुळात एका स्पर्धेसाठी लिहिली होती, पानांची मर्यादा ओलांडली म्हणून पाठवताच आली नाही, मग २००२ पासून स्वतःच्या वेबसाईटवर टाकली, पुस्तक यायला २००९ उजाडलं. म्हणून तर पहिलं पुस्तक सुरुवातीनंतर थेट चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर उडी मारतं. पानं कमी असली की शेवट असाच गुंडाळावा लागतो, मान्य. पण कायाबाला विचारतात की हे सगळं का केलंस आणि तो म्हणतो की मी पण कधीच विसरलो, हे पानांच्या मर्यादेवर ढकलता येणार नाही. चार हजार खून आणि कारण आठवत नाही?

अ‍ॅनिमेच्या दुसऱ्या भागात, परींच्या गेममध्ये, परत तेच. व्हिलनने किरितोला जमिनीला खिळवून टाकलंय आणि कायाबाचं भूत येऊन त्याला स्वतःचा अ‍ॅडमिन आयडी देऊन जातं. यावर जास्त लिहायची पण इच्छा नाही.

उलट ज्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात, गन गेल ऑनलाईन या पुढच्या भागातल्या बंदुकांच्या गेममध्ये तलवारीने गोळ्या कापणं, ते मला पूर्ण पटतं. कारण त्या गेममध्ये गोळी कुठून येणार त्याची लाल रेघ समोरच्याला आधी दिसते, आणि लपलेल्या स्नायपरच्या पहिल्या गोळीला रेघ दिसत नाही, हे पण सांगून ठेवलंय. नियम आधी, करामत नंतर. अलिसायझेशन या त्याच्याही पुढच्या भागात इच्छाशक्तीने तलवार चालते तेही चालतं मला, कारण ते जगच आठवणी आणि कल्पनेवर उभं आहे असं आधी बसवलंय. आइनक्राद, म्हणजे पहिल्या गेममधलं शंभर मजल्यांचं जग, तसं नव्हतं, ते सर्व्हरवर चालणारं साधं सॉफ्टवेअर होतं.

आणि नियम पाळून काय करता येतं ते बघायचं असेल तर लॉग होरायझन बघा, एनएचकेवर २०१३ ला आलेलं. तिथे पण लोक गेममध्ये अडकतात, मेले तर परत जिवंत होतात पण आठवणी थोड्या थोड्या पुसल्या जातात. सगळ्यात भारी म्हणजे जेवण! मेन्यूतून बटण दाबून बनवलेलं काहीही खा, दिसायला मस्त, चव मात्र एकच, म्हणजे काहीच नाही. मग एकाला कळतं की स्वयंपाकाचं स्किल असलेल्याने मेन्यू न वापरता हाताने शिजवलं, मीठ लावून विस्तवावर भाजलं, तर चव येते. तो पहिला घास खातानाचे चेहरे बघा एकेकाचे. आणि त्या एका नियमातून बर्गरची दुकानं निघतात, दुकानातून पैसा, पैशातून शहराचं राजकारण बदलतं. कोणी किंचाळत नाही, कोणाला शेवटच्या क्षणी शक्ती येत नाही, आणि तरी मी खुर्चीच्या टोकावर बसून बघितलंय.

भावाला मी शेवटी एवढंच सांगितलं की साचीच्या वेळी लेखक खरं बोलत होता. तो परत तिसरा एपिसोड लावून बसला, साचीने किरितोसाठी मागे ठेवलेलं ते शेवटचं रेकॉर्डिंग, ज्यात ती ख्रिसमसचं गाणं गुणगुणते. दोघंही काही बोललो नाही.

कावाहारांनी २०१२ पासून प्रोग्रेसिव्ह नावाने पहिल्या मजल्यापासून परत सगळं सविस्तर लिहायला घेतलंय, मी दुसऱ्या भागात आहे. ज्यांनी पुढचे वाचलेत त्यांनी क्लाईनचं काही असेल तर कमेंटमध्ये सांगू नका प्लीज, मला स्वतःला वाचायचंय.