चौथ्या सीटवरचा विशालकोन

रविवार, मेगाब्लॉक आणि मुलीचा गृहपाठ, तिन्ही एकाच लोकलमध्ये. ठाणे ते दादर. मला मिळाली चौथी सीट. म्हणजे अर्धा देह बाकावर, उरलेला वाटेत आणि कंबरेत नव्वदच्या बराच वरचा कोन.

गृहपाठ होता, ‘परिसरातील त्रिकोण शोधा, बाजूंवरून व कोनांवरून प्रकार लिहा.’ डोक्यावरच्या कड्या त्रिकोणी होत्या. म्हटलं, "लिही. समद्विभुज, लघुकोन."

"मोजलंत?"

कल्याणपासून खिडकी धरून बसलेले आजोबा.

"दिसतंय की, दोन बाजू सारख्या."

"नुसतं बघून मुली पसंत करतात, त्रिकोण नाही. बाळ, पट्टी आण." मग कडीला लोंबकळणाऱ्या माणसाला, "अहो, जरा हात काढता?" तो म्हणाला, "काढतो, पण मग यांच्या मांडीवर येईन." यांच्या म्हणजे माझ्या.

"आणि लघुकोन कशावरून?"

"दोन कोन तर लहानच आहेत."

"ते कुठल्याही त्रिकोणात असतात! मोठा कोन बघायचा. शिवाय हिचे कोपरे गोल. हा त्रिकोणच नव्हे."

विक्रोळीला त्यांनी खिशातून रुमाल काढला. वापरलेला. चौरस रुमाल कर्णावर दुमडून मुलीच्या वहीवर ठेवला. "हा घे. ४५, ४५, ९०. काटकोन आणि समद्विभुज, दोन्ही." डबा माना डोलावतोय!

आमच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असायचे, एक ३०-६०-९०चा, दुसरा याच रुमालाचा भाऊ. आम्ही त्यांनी पाठ खाजवली. पण तेव्हा गृहपाठ निदान आमचा आम्ही करायचो, किंवा करायचो नाही. आईबापांना कुणी लोकलमध्ये तोंडी परीक्षेला उभं करत नव्हतं. आता प्रोजेक्ट मुलांचा, रविवार आमचा आणि शेरेही आम्हालाच.

कुर्ल्याला गर्दी घुसली आणि आजोबांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "विशालकोन त्रिकोण समभुज असतो का?"

कुणाची तरी बॅग माझ्या कानात होती. म्हटलं, "असेल की!"

"बाबा!" मुलगी ओरडली. "समभुजात तिन्ही कोन ६०चेच असतात!"

लोंबकळणारा माणूससुद्धा हसला. ज्याला मी शीवपर्यंत मांडीवर पेलला होता, तो.

घरी वही पाहिली. तळाशी रकाना, ‘मदत कोणाची घेतली?’ तिथे सुवाच्य अक्षरात, ‘ट्रेनमधले आजोबा.’

पट्टी माझ्या पैशांची होती. तीही त्यांच्याकडेच राहिली.