आधी जज करा, मग म्हण मारा

पहिला नियम, हे वाक्य इंग्रजीतच फेकायचं. डोन्ट जज अ बुक बाय इट्स कव्हर. आपल्याकडे दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं आहेच की, पण त्यात फसलेले आपण असतो ना, आणि इंग्रजीत म्हटलं की आपणच एकदम मोठ्या मनाचे.

घाई मात्र करू नका. आधी मनसोक्त जज करून घ्या, कॉलर, चपला, उच्चार, सगळं. वेळ कमी आहे म्हणता? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलंय की अनोळखी चेहरा 100 मिलिसेकंद दिसला तरी माणूस भरवशाचा आहे की नाही हे ठरवून लोक मोकळे होतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, ठामपणा तेवढा वाढतो. मग कशाला वेळ घालवायचा!

आता मीटिंगमध्ये कोपऱ्यातल्या चुरगळलेल्या शर्टवाल्याने सगळ्यांचं अडलेलं काम दोन मिनिटांत करून दिलं की त्याच्या खांद्यावर हात टाकून चारचौघांत खणखणीत आवाजात म्हण म्हणायची, म्हणजे शर्टाकडे ज्यांचं लक्षच नव्हतं तेही वळून बघतात. त्याने हसायचं असतं. मीही हसलो होतो, एका हाताने टेबलाखाली शर्ट सरळ करत.

कडक इस्त्रीतला देखणा माणूस आतून कोरा निघाला तर? तिथे ही म्हण चालत नाही. तिथे म्हणायचं, आज त्याचा दिवस नव्हता.

आणि खऱ्या पुस्तकाला तर ती लावूच नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडात बरीच पुस्तकं साध्या पुठ्ठ्यात नाहीतर बिनबांधणीची विकली जायची, चामड्याची बांधणी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे करून घ्यायची, म्हणजे कव्हर बघून कळायचा तो मालकाचा खिसा. आता कव्हरसाठी प्रकाशक आर्टिस्टला पैसे मोजतो ते तुम्ही जज करावं म्हणूनच, तेव्हा बिनधास्त कव्हर बघून उचला, वाचायचं कुणाला आहे.

इंटरव्ह्यूला जाताना मात्र ही म्हण घरी ठेवा. तिथे फर्स्ट इम्प्रेशन इज द लास्ट इम्प्रेशन ही दुसरी लागते, दोन्ही एकाच दिवशी काढायच्या नाहीत. आणि शर्ट आदल्या रात्रीच इस्त्रीला टाका.